हाताला येईल ते चित्र

पेन अजून उचलू नका. लिहायला वेळ आहे. आधी एक चित्र हवं, आणि ते तुम्ही निवडायचं नाही.

घरात असतील ती चित्रं एकत्र करा. जुन्या दिवाळी अंकांतली पानं, कॅलेंडरं, लग्नातले फोटो, कुठल्याशा संग्रहालयात घेतलेली पोस्टकार्डं, वर्तमानपत्रातली कात्रणं. त्यांत डावं-उजवं करू नका. सगळी सतरंजीवर पालथी घाला, हातानं ढवळा आणि डोळे मिटून एक उचला. जे आलं ते आलं. पटलं नाही म्हणून परत ठेवायचं नाही. एवढी एक अट पाळा, बाकी सगळं सैल सोडा.

ही अट का, ते थोडं मनात घोळवू. निवडायला बसलं की आपला हात ओळखीच्या चित्राकडे जातो. ज्याला पाऊस आवडतो तो पावसाचं चित्र काढतो, ज्याला आजी आठवते तो म्हातारीचा चेहरा शोधतो. गोष्ट आधीच तयार असते आणि चित्र नुसतं तिच्या शेजारी उभं राहतं. तुळजापूरला भवानीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर हात टेकून लोक मनातला प्रश्न विचारतात. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर काम लांबणीवर, असं मानतात. प्रश्न विचारून हात टेकलेल्या माणसाचा चेहरा एकदा पाहावा. ठरवण्याचं ओझं त्यानं घटकाभर उतरवून ठेवलेलं असतं, आणि म्हणूनच त्याची नजर त्या दगडावर इतकी खिळलेली असते. पालथं चित्र उचलताना मला तेवढंच हवं आहे. ठरवणं थांबलं की पाहायला जागा होते.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. त्यांच्या पोथीत चित्रांचा क्रम ठरलेला असतो आणि गोष्ट गाणाऱ्याला पाठ असते. आपण बसलोय ते दुसऱ्या टोकाला. चित्र आहे, पण ते कुठल्या पोथीतून सुटलं ते ठाऊक नाही.

आता सगळ्यांनी मिळून बसायचं तर चित्रही एकच लागेल. धाराशिव जिल्ह्यातलं घेऊ. धाराशिव शहराच्या ईशान्येला, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. इथल्या पांढरीच्या टेकाडांवर पावसानं माती धुपली की मणी वर येतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे येतात, भाजक्या मातीचे चेहरे येतात. कुठला चेहरा कधी वर येईल हे पाऊस आणि नांगर ठरवतात. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, जपल्या आणि पुढे तो सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आज त्या काचेआड मांडलेल्या आहेत. त्यात केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या लहान लहान बायका आहेत, सातवाहनांच्या काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. अशाच एका मूर्तीचा फोटो आपल्या हाताला आला आहे असं समजा.

फोटो अजून पालथाच असू द्या. हाताला कागदाचा गारवा लागू द्या. श्वासाला काही सांगू नका, तो आपल्या चालीनं चालू आहे. बाहेर रस्त्यावरचा आवाज येत असेल तर येऊ द्या.

आता उलटा.

पाहा. बाई कमरेपाशी तुटलेली आहे. चेहरा गोल, गाल भरलेले. केस मोठ्या हौसेनं बांधलेले आणि वर काहीतरी शिरोभूषण. कानांत जाडजूड दागिने. गळ्यात माळ. ओठ मिटलेले, पण घट्ट नाहीत. उंचीनं ती वीतभरही नसेल.

तुमच्या मनात एव्हाना गोष्ट सुरू झाली असेल. होऊ द्या. राणी असेल. नर्तकी असेल. समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यानं हिला पाहिलं असेल आणि मग दोघांचं काहीतरी जुळलं असेल. या गोष्टींना हाकलू नका आणि कागदावरही उतरवू नका. दारात आलेल्या ओळखीच्या माणसांकडे पाहून मान हलवावी तशी मान हलवा. त्या जातील. त्या या चित्राच्या नाहीतच. आपण पाहिलेल्या सिनेमांच्या, वाचलेल्या कादंबऱ्यांच्या आहेत. चित्र पाहून पहिल्या दोन मिनिटांत जे सुचतं ते बहुतेकदा आपल्या सवयीचं असतं, असं माझं ठाम मत आहे. लिहिणाऱ्याची खरी मेहनत ते सुचून संपेपर्यंत बसून राहण्यात आहे.

आणि हे काही आपल्यासारख्या हौशी माणसांपुरतं नाही. इटलीत पाँपेई नावाचं शहर 79 साली व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं 1938 मध्ये एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. शेजारी दोन लहान दासी, अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही, आणि डोक्यातून आरपार खाली गेलेलं एक भोक. उत्खनन करणाऱ्या अमेदेओ माइउरी यांनी तिला लक्ष्मी म्हटलं. मूर्ती भारतातली, बाई देखणी, तेव्हा लक्ष्मी हे पहिलं सुचणं साहजिकच होतं. पुढे अभ्यासक थांबून पाहत राहिले. लक्ष्मीची म्हणून जी चिन्हं लागतात ती नीट जुळेनात. ही यक्षी असावी, असं बरेच जण म्हणू लागले. त्या भोकाकडे पाहून कुणी म्हणालं, आरशाची मूठ असेल. कुणी म्हणालं, एखाद्या लहान चौरंगाचा पाय. ती घडली कुठं, यावरही मतं बदलत गेली, कारण तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती बायका महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आणि आपल्या या तेरलाही. पाहत राहिल्यामुळे गोष्ट देव्हाऱ्यातून उतरली आणि घरातल्या एका वापरातल्या वस्तूपाशी आली. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो.

परत आपल्या फोटोकडे या. आता चेहऱ्याकडे पाहू नका. चेहरा आपल्याला लगेच बोलायला लावतो. कडेकडेनं पाहा.

मूर्तीच्या बाजूनं, कानामागून खांद्यापर्यंत, एक बारीक रेघ उतरते आहे. तो सांधा आहे. या मूर्ती दोन साच्यांत होत. एका साच्यात पुढची बाजू, दुसऱ्यात मागची. ओली माती दोन्हींत पातळ थरानं दाबायची, दोन्ही अर्धी जोडायची, आत पोकळी ठेवायची. मग सांध्यावर वर आलेली माती खरवडून काढायची, बोटानं सारवायची, वाळवायची आणि भाजायची. मूर्ती तुटली म्हणून तर आपल्याला आतली पोकळी दिसते. अखंड असती तर तिनं आपल्याला फक्त चेहरा दाखवला असता.

आता समजा, आपल्या फोटोत डावीकडचा सांधा अगदी साफ सारवलेला आहे. बोट फिरवलं तर कळणारही नाही. आणि उजवीकडचा तसाच राहिला आहे, मातीची धार वर आलेली.

इथं थांबा. घाई नको. डावीकडे साफ, उजवीकडे राहिलेलं. दोन्ही बाजू एकाच हातानं, एकाच दिवशी केलेल्या. मधे काय झालं?

कुणी हाक मारली?

डोळे मिटा आणि ती हाक कानावर येऊ द्या. कुणाची, हे लगेच ठरवू नका. हाक आधी येऊ द्या, माणूस मागून येईल. आपण इतका वेळ साच्यातल्या बाईकडे पाहत होतो. गोष्ट मात्र साच्याबाहेरच्या कुणाची तरी निघाली. राणी नाही, नर्तकी नाही. खरवडायचं काम ज्या कुणाकडे होतं, त्या माणसाची. कुंभारवाड्यात मूर्ती घडवणारे असतील तसे नुसते सांधे साफ करणारे हातही असतील. बायका असतील, पोरं असतील. चाळीस मूर्ती ओळीनं समोर ठेवलेल्या आणि हातात काडी. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. म्हणून तर ते आपल्याला लिहायचं आहे.

ती मुलगी नुकती लग्न होऊन आलेली आहे, असं मला दिसतं. तुम्हाला दुसरं दिसेल. तुमचं ते तुमचं. मला दिसतं ते सांगतो, म्हणजे पुढची पायरी कळेल.

तिचा नवरा गाडीवान आहे आणि उद्या पहाटे गाड्या निघायच्या आहेत. कुठं निघायच्या, ते मात्र मी मनानं लिहू शकत नाही. तिथं मला खऱ्या तेरकडे जावं लागतं. ग्रीक भाषेत लिहिलेलं पेरिप्लस नावाचं पहिल्या शतकातलं एक टिपण आहे, समुद्रावरच्या व्यापाराचं. त्यात तगर नावाच्या फार मोठ्या शहराचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधं कापड, तलम कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. हे तगर कुठलं, यावर बराच काळ वाद होता. देवगिरी म्हणणारे होते, जुन्नर म्हणणारे होते. जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये ते तेर असल्याचं मांडलं आणि पुढे जमिनीतून निघालेल्या वस्तूंनी त्याला दुजोरा दिला.

म्हणजे जायला तीस दिवस. यायला तीस. शिवाय मधला मुक्काम, बैलांची दुखणी, नद्यांचं पाणी. हा आकडा मनात धरून त्या मुलीकडे पुन्हा पाहा. तिच्या हातातली काडी डाव्या सांध्यावरून फिरते आहे. सासू आतून हाक मारते. उद्याची शिदोरी बांधायची आहे. ती उठते. उजवी बाजू राहून जाते.

शिदोरीत काय बांधलं? हात लगेच ठेच्याकडे जाईल. मराठवाड्यातली शिदोरी म्हटल्यावर लाल मिरचीचा ठेचा आलाच. पण मिरची या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे आपल्या मुलीनंतर चौदाशे-पंधराशे वर्षांनी. तेव्हा ठेचा काढून टाका. मग त्या जागी काय? तीळ असू शकतात. तूप असू शकतं. ठाऊक नसेल तिथं नुसतं ‘शिदोरी’ म्हणा आणि तिच्या हातांकडे पाहा, गाठ कशी मारते ते लिहा. गोष्ट कल्पनेची असली तरी ज्या जमिनीवर ती उभी आहे ती खरी असू द्या. मला तर असं वाटतं की चुकीची मिरची काढून टाकताना जी फट पडते तिथूनच गोष्ट श्वास घेऊ लागते.

आणखी एक आधार हाताशी आहे. हाल सातवाहनाच्या नावानं ओळखली जाणारी गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे छोट्या गाथा. त्यांत राजे-रजवाडे कमीच. शेतकरी आहेत, पारध्याची बायको आहे, पाणपोईवरची पोर आहे, आणि वाटसरू नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका तर पानोपानी. एकेका गाथेत एकच चित्र असतं. आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे कवी सांगत नाही, ऐकणाऱ्यानं ते आपलं आपण रचायचं असतं. आपण आज सतरंजीवर जे करतोय त्याची वाट या मातीत इतकी जुनी आहे, हे कळलं की मला धीर येतो. आपली सांधे खरवडणारी मुलगी त्या गाथांमधल्या बायकांच्या शेजारी सहज बसेल.

आता जरा वेगळ्या चित्राचा विचार करू, कारण कधीतरी तेही हाताला येईल.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या दिवसांचे फोटो वर्तमानपत्रांत, मासिकांत छापले गेले, आजही जुन्या गठ्ठ्यांत सापडतात. पालथी चित्रं ढवळताना त्यातला एखादा हातात आला तर?

तर पाहा. जितका वेळ पाहवेल तितका वेळ पाहा. पण लिहू नका. परत ठेवायचं नाही ही अट इथंही आहे, म्हणून तो हातातच राहू द्या. तेरच्या मूर्तीतली बाई कुणाची आई होती हे आज कुणाला सांगता येणार नाही. या फोटोतल्या बाईची मुलं मात्र उमरगा-लोहाऱ्याकडे कुठंतरी राहतात, त्यांना ती रात्र पाठ आहे. त्यांची गोष्ट आपल्या मनानं रचायचा हक्क आपल्याला चित्र हाताला आलं एवढ्यानं मिळत नाही. ऐकायला जाता येईल. जायला जमलं तर जा, आणि ते सांगतील ते ऐका. नाहीच जमलं तर बसायचा वेळ पुरा करा आणि उठा. त्या दिवशी कागद कोरा राहिला तरी बसणं वाया गेलेलं नसतं. चित्रावरून लिहिण्याच्या खेळात ही मर्यादा कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम इतका वेळ इथं रेंगाळलो.

या. तेरला परत या. आता पेन उचला.

पहिलं वाक्य त्या राहिलेल्या सांध्यापासून सुरू करा. ‘ती दुःखी होती’ असं लिहू नका. ‘तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं’ हेही नको. काडी लिहा. ओल्या मातीचा वास लिहा. सासूची हाक लिहा. ‘अगं, दिवस चाललाय,’ एवढं ती म्हणाली तरी पुरे. नवऱ्याला गोष्टीत आणायची घाई करू नका, तो गोठ्यात बैलांपाशी असू द्या, त्याचा नुसता खाकरण्याचा आवाज येऊ द्या. मूर्ती भट्टीत जाते तेव्हा उजवी बाजू तशीच आहे हे मुलीला आठवतं की नाही, हा या गोष्टीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. मला वाटतं, आठवतं. गाड्या गेल्यावर दोन दिवसांनी, पाणी भरताना. आणि ती कुणाला सांगत नाही. तुम्हाला तसं वाटत नसेल तर तुमच्या गोष्टीत तिला आठवू देऊ नका. पण जे ठरवाल त्याच्या मागे पुन्हा एकदा चित्र पाहून या. चित्र त्याला हरकत घेतं का, ते पाहा.

लिहिता लिहिता अडाल. तेव्हा पुढचं वाक्य शोधू नका, फोटो उचला. अजून न पाहिलेलं काहीतरी त्यात असतंच. गळ्यातल्या माळेचा एक मणी मोठा आहे. शिरोभूषणाची एक बाजू घासलेली आहे. तेवढ्यावर पुढचा परिच्छेद निघतो.

पानभर झालं की थांबा. लांबवू नका. गोष्ट छोटीच हवी, कारण हाती तुकडाच आला होता.

मग कुणाला तरी वाचून दाखवा. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. संत गोरा कुंभार तेरचे आणि त्यांचं मंदिर इथं तेरणेकाठी आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं ते पारखलं, ही कथा महाराष्ट्रात लहान पोरांनाही माहीत असते. नामदेव कच्चे ठरले, रागावलेही, आणि मग विसोबा खेचरांकडे गेले. आपली गोष्टही अशी कुणाच्या तरी हाताखाली जाऊ द्या. ऐकणारा लेखक-बिखक नसला तरी चालेल. घरातला, शेजारचा, कुणीही. वाचून झाल्यावर ‘कशी वाटली’ असं विचारू नका. तो आपण होऊन काय विचारतो याची वाट पाहा. ‘मग गाड्या परत आल्या का?’ असं त्यानं विचारलं, तर मुलगी त्याला दिसली. ‘केओलिन म्हणजे काय?’ असं विचारलं, तर माहिती गोष्टीच्या वर तरंगते आहे, ती खाली मुरवावी लागेल. काहीच न बोलता त्यानं फोटो मागून घेतला आणि उजवा सांधा शोधू लागला, तर त्या पानाला हात लावू नका.

शेवटी फोटोच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आजची तारीख लिहा. मूर्ती कुठली, कुठल्या संग्रहालयातली, तेही लिहा. गोष्ट लिहू नका, ती तुमच्या वहीत आहे. फोटो पुन्हा बाकीच्यांत पालथा टाका आणि ढवळा. पुढेमागे तो पुन्हा हाताला येईल. तेव्हा मुलीला सोडा आणि गाडीवानाकडून लिहा. पैठण मागे पडलं आहे, गाडीत कापडाचे गठ्ठे आहेत, आणि आपण निघालो त्या संध्याकाळी घरात कुठल्या मूर्तीचं काम अर्धं राहिलं, हे त्याला माहीतही नाही.